उष्टावण कधी करायचं?



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातलं, गीतेच्या २६व्या श्लोकावरचं. भगवंत सांगतात, कर्मात गुंतलेल्या माणसाचा बुद्धिभेद करू नये. माऊली लगेच दृष्टांत देतात: जे बाळ आईचं दूधसुद्धा कष्टानं पितं, त्याला पक्वान्नं कशी भरवायची?

ही ओवी मी कितीदा तरी वाचली होती. कळली मात्र यंदाच्या उन्हाळ्यात, नेकनूरला माहेरी आल्यावर.

लेक पाच महिन्यांची. रात्री सारखी उठायची, आमच्या ताटाकडे टक लावून बघायची. आजी रोज म्हणायची, "माय, लेकराला दूध पुरंना. पेज चाटव की. आमची नाही का वाढली?" आणि खरं सांगू? घाई मलाही होती. रजा संपत आली होती, पुण्याला परतायचं होतं. ती खायला लागली की मी मोकळी, असा हिशोब मनात होता.

डॉक्टरबाईंनी वजन केलं, छान भरलं. म्हणाल्या, "सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. उन्हाळा असला तरी वरचं पाणी नको. मान सावरते का, आधारानं बसते का, चमच्यातलं जिभेनं बाहेर ढकलत नाही ना, ते बघा."

सहा महिने झाले. मामानं चांदीच्या चमच्यानं खीर चाटवली. मध मात्र नाही, तो वर्षाच्या आत देत नाहीत.

आणि आता भीती माझी! घास घशात अडकला तर? चार दिवस मी नुसत्या वरणाच्या पाण्यावर काढले. तेव्हा आजीच म्हणाली, "पाण्यानं पोट भरतंय व्हय? घट्ट कालव." तिचं बरोबर होतं. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, लोह कमी पडतं. मग चमच्यावरून ओघळणार नाही असा मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व. सुरुवातीला दोन-तीन चमचेच. आणि दूध सुरूच, दोन वर्षं तरी.

माऊली पक्वान्नाला वाईट म्हणत नाहीत. वेळ बाळाच्या तयारीवरून ठरते; देणाऱ्याच्या घाईनं नाही आणि भीतीनंही नाही.

आपलं काय होतं बघा. दहा मिनिटं नामात मन बसत नाही, पण ज्याचे वडील दवाखान्यात आहेत त्या मित्राला आपण "सगळं मिथ्या आहे" ऐकवतो. त्याला त्या दिवशी फक्त सोबत हवी असते. उलट काहीजण वर्षानुवर्षं नुसती प्रवचनं ऐकतात, स्वतःचा एक नेम धरत नाहीत. तेही वरणाचं पाणीच.

आमच्या नेकनूरला बंकटस्वामी महाराजांचा मठ आहे. त्यांचे गुरू जोग महाराज यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथंही मुलं आधी पाठांतर करतात, कीर्तनाला उभं राहणं नंतर. क्रम तोच.

आज एवढंच करूया: कुणाला उपदेश करण्याआधी क्षणभर थांबायचं आणि बघायचं, भूक त्याची आहे की घाई माझी?

राम कृष्ण हरी!