मऊ लगाम दुकानात मिळत नाही

खाली उतर. आधी खाली उतर, मग बोल.

गेल्या आठवड्यात पिळाच्या तारेचं बिट आणलंस म्हणून झापलं, तर आज दुकानातलं सगळ्यात जाड रबरी बिट घेऊन आलास. वर ऐटीत सांगतोस, "सर, हे एकदम सौम्य आहे." कुणी सांगितलं? दुकानदारानं. आणि घोडी काय सांगतेय? अर्धा तास मान झटकतेय, तोंड वासतेय, जीभ बाहेर काढतेय. पण दुकानदाराचं ऐकलंस, तिचं नाही.

सहा महिने हिच्या पाठीवर बसतोयस. एकदा तरी हिच्या तोंडात पाहिलंस? मग आता ऐक. खालच्या जबड्यावर पुढचे दात संपले की दाढा लागेपर्यंत मोकळी जागा असते. बिट तिथं बसतं. तिथं हाडावर नुसती पातळ कातडी आहे, तुझ्या नडगीवर असते तशी. बाकीचं तोंड जिभेनंच भरलेलं. त्यात ही जाड कांब कोंबलीस, तर तिनं जीभ ठेवायची कुठं? तार बारीक होती म्हणून काचत होती, ही जाड आहे म्हणून घुसमटवतेय. शिवाय तोंड कोरडं पडलं की रबर घासतं ते वेगळंच.

काटेरी लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965च्या नियमांनी बंदी आहे. पण म्हणून काटे नसलेला प्रत्येक लगाम मऊ ठरत नाही. एका सांध्याचं स्नॅफल बिट दोन्ही वाद्या एकदम ओढल्यास की जिभेवर अडकित्त्यासारखं मिटतं. दोन सांध्यांचं घेतलंस तर मधला तुकडा वाटाण्यासारखा गोल आहे का ते बोटांनी चाचपून बघ. चपटी पट्टी तिरकी बसली तर तिची कड जिभेत रुतते, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. दांड्यांचं कर्ब बिट तर तू हातातच धरू नकोस. खालची दांडी वरच्या दांडीच्या तिप्पट लांब असली, तर तुझा ओढा हनुवटीखालच्या साखळीपाशी तिप्पट होतो. तुझा एकपटच तिला सोसवत नाहीये.

माप घेतलंस? नाही. जिथं बिट बसतं तिथं तोंडातून सुतळी आडवी घ्यायची, दोन्हीकडे ओठांपाशी खूण करायची. बिट दोन्ही बाजूंनी त्याहून साधारण 5 मिलिमीटर जास्त हवं. आखूड असलं तर कड्या ओठ चिमटतात, लांब असलं तर ते इकडून तिकडे सरकत राहतं. दात डॉक्टरांना दाखवलेस? तेही नाही. वरच्या दाढांपुढं कधी कधी इवलासा जादा दात असतो. बिट त्यावर आपटलं की घोडं मान उडवतं, आणि तुझ्यासारखे त्याला अडेल ठरवून मोकळे होतात.

आणि हे सगळं नीट केलंस तरी तुझ्या हातांचं काय? तोल गेला की तू वाद्यांना लोंबकळतोस. तार होती तेव्हा लोंबकळलास, रबर आहे तरी लोंबकळतोयस. दोनदा बिट बदललंस, हात तेच ठेवलेस. तोल मांड्यांनी आणि कमरेनं सांभाळायचा असतो, तिच्या जबड्यानं नव्हे.

उद्यापासून लांब दोरीवर गोल फिरायचं. रिकिबी नाहीत, वाद्या नाहीत, हात कमरेवर. तिचं तोंड तुझ्या हाताला परत कधी द्यायचं ते मी ठरवीन.

आता हे रबर ठेव बाजूला आणि गेल्या आठवड्यातली ती तार आण. बस इथं ओट्यावर, पँट वर कर. तार नडगीवर आडवी धर. वाद्या मी ओढतो. घाबरू नकोस, तू ओढत होतास तेवढ्याच ओढीन.