अंगण आमचे, ठिणगी कोणाची?

घर आमचे, अंगण आमचे आणि अंगणातले झाडही आमच्याच हातचे. मग त्या झाडाची फांदी कोठवर वाढू द्यावी हे सरकारने आम्हांस का सांगावे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गेली काही वर्षे या प्रश्नावरून पुष्कळ वाद झाला आहे. तो देश दूरचा खरा. पण हा वाद वरवर झाडांचा दिसला तरी मुळात शेजाऱ्याचा आहे, म्हणून वाचकांपुढे तो मांडावा असे आम्हांस वाटले.

त्या राज्यात डोंगरउतारावर, रानाला लागून असंख्य घरे आहेत. तेथील उन्हाळा पावसावाचून जातो, गवत वाळून कोळ होते आणि पुढे कोरडे वारे सुटले की वणवा आवरत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅरडाइज, म्हणजे सुखलोक, या नावाच्या गावावर असाच वणवा आला. त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. मृतांमध्ये बहुतेक वृद्ध होते.

अशा धोक्याच्या भागातील घरमालकांसाठी तेथे नियम आहेत. घराभोवती १०० फुटांपर्यंत, किंवा आपली हद्द त्याआधी संपत असेल तर हद्दीपर्यंत, जागा निगेने राखावी. वाळलेले गवत कापावे. छपरावरचा व पन्हळीतला पालापाचोळा काढावा. पहिल्या ३० फुटांत झाडेझुडपे विरळ ठेवावीत. २०२० साली केलेल्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. भिंतीला लागून असलेल्या पहिल्या ५ फुटांत पेट घेईल असे काही नसावे, असे ठरले. त्याचे बारीक नियम करण्याची वेळ आली तेव्हा मात्र लोकांनी मोठा विरोध केला.

पाच फुटांचा हा आग्रह कशासाठी? वणव्यात घरे जळतात ती ज्वाळांची भिंत अंगावर आल्यामुळे, असे आपणांस वाटते. परंतु पुष्कळ घरे वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. जॅक कोहेन या अमेरिकन वनखात्यातील संशोधकाने १९९० नंतरच्या दशकात कॅनडातील जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. २० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे घर वाचते की जळते हे दूरच्या रानापेक्षा घर कशाचे बांधले आहे आणि त्याच्या आसपास काय पडले आहे, यावर बरेच अवलंबून असते. पॅरडाइज गावातील घरांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. शेजारचे जळते घर किती जवळ होते, ही गोष्ट घर वाचण्या-न वाचण्यात फार महत्त्वाची ठरली, असे त्यात आढळले.

येथेच आमच्या प्रश्नाचे स्वरूप बदलते. माझ्या पन्हळीत साचलेला पाला हा माझा खासगी विषय राहत नाही. माझे घर पेटले की तेच शेजाऱ्याच्या घराचे सरपण होते. कायदा हद्दीपाशी थांबतो. निखारा थांबत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात या संबंधाने दोन नियम आहेत. निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे की, कोणी लावलेली आग काट्याकुट्यांतून पसरून दुसऱ्याचे धान्य जळाले, तर आग लावणाऱ्याने ते भरून द्यावे. अनुवादात नवे घर बांधणाऱ्याला छताभोवती कठडा करण्याची आज्ञा आहे. पहिला नियम नुकसान झाल्यावर बोलतो. दुसरा कोणी पडण्याची वाट पाहत नाही. अंगण साफ ठेवण्याचा नियम या कठड्याच्या जातीचा आहे.

तथापि विरोध करणाऱ्यांना हेकेखोर म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी खिडकीखाली लावलेला गुलाब उपटायला सांगितला तर मन दुखणारच. झाड सावली देते, पाखरांना आसरा देते. नियम सारे अंगण ओसाड करा असे म्हणत नाही, तरी त्या पाच फुटांतले नुकसान खरेच आहे. ते नुकसान आहे असे मान्य करूनच ते मागितले पाहिजे.

याहून कठीण प्रश्न दुसरा आहे. एखादी वृद्ध विधवा एकटी राहते. शिडीवर चढून पन्हळ साफ करणे तिला जमत नाही. नवे छप्पर घालण्याइतका पैसा तिच्यापाशी नाही. तिला नुसती नोटीस धाडली आणि दंड केला, तर कायदा पाळला गेला असे होईल. पण न्याय झाला असे आम्हांस म्हणवत नाही. पॅरडाइजमध्ये कोण मेले हे आपण वर पाहिले. ज्यांना नियम पाळणे सर्वांत जड, तेच आगीच्या तोंडी सर्वांत आधी सापडतात. म्हणून आपले अंगण झाडून झाल्यावर कर्तव्य संपत नाही. अमेरिकेत ‘फायरवाइज’ या नावाने चालणाऱ्या कार्यात एका वस्तीतले रहिवासी मिळून योजना आखतात व दरवर्षी श्रम करतात. त्यात आम्हांस नियमाचा खरा अर्थ दिसतो. शेजाऱ्याच्या अंगणावर हक्क सांगणाऱ्याने त्याची शिडी धरायलाही गेले पाहिजे.

आपल्याकडेही वणवे लागतात. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात रान पेटले होते. वनखाते जाळरेषा काढते, पण बांधावरचे गवत पेटवून घरी निघून जाणारा हात आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना हा नियम सांगून विचारावे : शेजारच्या आजींच्या छपरावर पाला साचला आहे, तो काढण्याचे काम कोणाचे? मुले काय उत्तर देतात ते शांतपणे ऐकून घ्यावे. आणि आपल्या आळीत अशा आजी असतील, तर पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन तिकडे जावे. शिडीवर मात्र मोठ्यांनीच चढावे.