उमरोळीचे खरे बारा

पालघर सुटलं की उमरोळी, उमरोळी सुटलं की बोईसर. विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलच्या लेखी हे मिनिटभर थांबायचं स्टेशन. फलाटावरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा खांबाच्या सावलीकडे कुणी बघत नाही. बघितलं तर कळेल की सावली अजून आखडतेच आहे. सूर्य माथ्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर यायला साधारण एकोणचाळीस मिनिटं बाकी आहेत. यात घड्याळाचा दोष काही नाही. ते मिर्झापूरची वेळ दाखवतंय, आणि सूर्य उमरोळीचा आहे.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. उमरोळी आहे ७२.७६ अंशांवर, म्हणजे पावणेदहा अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, तेव्हा मिर्झापूरला माथ्यावर आलेला सूर्य उमरोळीला यायला एकोणचाळीस मिनिटं लागणारच. बोईसरच्या कारखान्यांतली जेवणाची सुट्टी, शाळेची घंटा, सरकारी कचेरीची वेळ हे सगळं आपण या एकोणचाळीस मिनिटांच्या उसनवारीवर चालवतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

सूर्यघडी ज्यांचा छंद आहे, त्यांना मात्र ते रोज जाणवतं. ही माणसं जगभर आहेत. ब्रिटनमध्ये त्यांची १९८९ साली स्थापन झालेली संस्थाच आहे. तिचे सभासद गावोगावच्या चर्चच्या भिंतींवरच्या जुन्या सूर्यघड्यांची नोंद ठेवतात. मनगटावर घड्याळ आणि खिशात मोबाइल असताना सावलीकडे टक लावून बसणं हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. मला तो तसा वाटत नाही. मोबाइल कुठेही नेला तरी देशभर तीच वेळ सांगतो. सावली वेळ सांगते आणि त्या निमित्तानं आपण कुठे उभे आहोत तेही सांगते.

आता हे ‘कुठे’ मोजायचं कुठून? त्यासाठी शून्य लागतं. ऑक्टोबर १८८४मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि बावीस मतांनी ठरलं की शून्य रेखांश लंडनजवळच्या ग्रिनिचच्या वेधशाळेतून जाईल. फ्रान्स तटस्थ राहिला आणि पुढे बरीच वर्षं रुसून बसला. १९११ साली त्यांनी अखेर वेळ बदलली, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव घेतलं नाही. ‘पॅरिसची वेळ नऊ मिनिटं एकवीस सेकंदांनी मागे’ असं लिहिलं. हिशेब ग्रिनिचचाच, फक्त तोंडानं म्हणायचं नाही! आणि आज ग्रिनिचच्या अंगणातल्या त्या प्रसिद्ध रेषेवर मोबाइल घेऊन उभं राहिलं तर तो शून्य दाखवत नाही. उपग्रहांच्या मोजणीतलं शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. म्हणजे शून्यही थोडं इकडेतिकडे सरकवता येतं.

आपल्याकडे हे शून्य त्याआधी कितीतरी शतकं उज्जैनला होतं. लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी मध्यरेषा सिद्धांतग्रंथांनी मानली आणि प्रत्येक गावाच्या ज्योतिषानं तिथपासूनचं आपलं अंतर ‘देशांतर’ म्हणून हिशेबात धरलं. त्या मापानं उमरोळी उज्जैनच्या तीन अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्य तिथून निघाल्यावर बारा मिनिटांनी इथे. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंग राजानं उज्जैनला वेधशाळा बांधली, तिच्यातलं सम्राट यंत्र म्हणजे दगडविटांची प्रचंड सूर्यघडीच. जयपूरचं सम्राट यंत्र तर सत्तावीस मीटर उंच आहे. त्याची सावली डोळ्यांदेखत सरकते, सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर.

मला मात्र या राजेशाही यंत्रांपेक्षा एक गरीब यंत्र जास्त आवडतं, आणि ते कोकणातलं आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावला केशव दैवज्ञ आणि त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ हे बापलेक राहत. समुद्रकाठी राहून त्यांनी आकाशाचे वेध घेतले. गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२चा, म्हणजे १५२०चा. ज्या-कोज्यांची किचकट गणितं टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत त्यात आहे, म्हणून महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या त्याच्यावर चालली. याच माणसानं ‘प्रतोदयंत्र’ नावाचं एक छोटं प्रकरण लिहिलं. प्रतोद म्हणजे चाबूक. घोडेस्वाराच्या हातातल्या चाबकाची मूठ हीच सूर्यघडी.

करणी साधी आहे. मुठीच्या दांड्याला पैलू पाडायचे, वर्षातल्या लहानमोठ्या दिनमानांसाठी एकेक पैलू. त्यावर घटिकांच्या खुणा. दांडा उभा लोंबता धरायचा, वरच्या भोकात एक काडी आडवी खुपसायची आणि काडी सूर्याकडे वळवायची. काडीची सावली दांड्यावरून खाली उतरते. सूर्य खाली असेल तर सावली आखूड, वर चढेल तशी लांब. खूण वाचली की दिवस उगवून किती घटिका झाल्या ते कळतं. दुपारनंतर मावळायला किती उरल्या ते. एक घटिका चोवीस मिनिटांची. दिशा शोधायला नकोत, चबुतरा नको, प्रवासात खोगिराला अडकवून न्यायचं. मनगटी घड्याळाच्या कितीतरी आधी कोकणातल्या एका गावात वेळ हातात धरण्याची सोय झाली होती.

त्याला मर्यादाही आहेत. भर दुपारी सूर्याची उंची फारशी बदलत नाही, तेव्हा यंत्र मंद होतं. शिवाय मे महिन्यात आपल्या भागात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो तेव्हा सावली इतकी लांबते की दांडाच पुरत नाही. नांदगाव आणि उमरोळीच्या मध्यान्हांत मिनिटाचाही फरक नाही, कारण दोन्ही एकाच किनाऱ्याला, जवळजवळ एकाच रेखांशावर. अक्षांश मात्र उमरोळीचा सव्वा-दीड अंशानं जास्त, त्यामुळे नांदगावचा चाबूक इथे आणला तर खुणा थोड्या चुकतील.

ही गोष्ट सूर्यघडी बनवू पाहणाऱ्यानं पक्की लक्षात ठेवावी. बाजारात शोभेच्या पितळी सूर्यघड्या मिळतात, त्यातल्या बहुतेकांचा त्रिकोणी काटा युरोपातल्या अक्षांशाचा असतो. बागेत छान दिसतात, वेळ चुकीची सांगतात. उमरोळीच्या आडव्या सूर्यघडीचा काटा जमिनीशी पावणेवीस अंशांचा हवा आणि त्याचा चढ खऱ्या उत्तरेकडे. काटा इतका निजलेला असल्यानं तासांच्या रेषाही वेगळ्या पडतात. बारा ते एक यांच्यात जेमतेम पाच अंशांचं अंतर, चार ते पाच यांच्यात मात्र एकवीस अंशांचं. लंडनच्या तबकडीवर बारा ते एक हे अंतर जवळजवळ बारा अंशांचं असतं. एका गावाची सूर्यघडी दुसऱ्या गावाला उपयोगी पडत नाही, म्हणून ती कारखान्यात घाऊक काढता येत नाही. आजच्या काळात अशी वस्तू विरळाच.

एवढं करूनही सावली आणि घड्याळ यांचा मेळ बसत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, तिचा आस कललेला. या दोन्हींमुळे सूर्य वर्षभर थोडा पुढेमागे करत राहतो. उमरोळीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह बारा बावीसलाच होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा त्रेपन्नपर्यंत लांबते. सरासरी एकोणचाळीस मिनिटांची, पण रोजचं गणित वेगळं. खुद्द ग्रिनिचच्या शून्य रेषेवरही सूर्यघडी आणि ग्रिनिच वेळेवरचं घड्याळ वर्षातून फक्त चारदा जुळतात: साधारण १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला. शून्यावर राहणाऱ्यांचीही सूर्याच्या लहरीतून सुटका नाही, हे ऐकून मला उगाच बरं वाटतं.

आपल्या भागाला ही प्रमाणवेळ सहजासहजी पचलेली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीनं उभारली ती जहाजांना वेळ मिळावी आणि दर्यावर्दींची सोय व्हावी म्हणून. रेल्वे आली, तिनं पुढे मद्रासची वेळ धरली, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली, दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ला आजची प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेकही झाली. पहाटे एकोणचाळीस मिनिटं आधी उठायचं ते त्यांनाच, त्यामुळे त्या रागाला मी वेडेपणा म्हणणार नाही. मुंबई महापालिकेनं आपली ‘मुंबई टाइम’ पुढे १९५५पर्यंत जपली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं शहरात दोन वेळा नांदत होत्या.

आणि १९५५ला ती संपली असं म्हणावं, तर चैत्रात रामनवमी येते. कित्येक देवळांत रामजन्माचा पाळणा घड्याळाच्या बाराला हलत नाही, बारा चाळीसच्या सुमारास हलतो. राम जन्मला तो मध्यान्ही, आणि मध्यान्ह सूर्याची. एप्रिलमध्ये उमरोळीत सूर्य बारा चाळीसच्या आसपासच माथ्याच्या रेषेवर येतो. काही ठिकाणी हल्ली सोयीसाठी बाराच्या ठोक्यालाच गुलाल उधळतात. पण जिथे चाळीस मिनिटं थांबतात तिथे बुक्का-गुलाल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांना माहीतही नसतं की आपण जुन्या मुंबई टाइमप्रमाणे वागतोय. कायद्यानं काढून टाकलेली वेळ भक्तीनं सांभाळली.

तशीच जवळच्या सातपाटीच्या बंदरातली वेळ. तिथे होडी काढायची तर सूर्यही पुरत नाही, चंद्र पाहावा लागतो. भरती रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. तिथी कळली की पाणी कधी चढेल ते कळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. या पट्ट्यात मिर्झापूरचं घड्याळ, उमरोळीचा सूर्य आणि समुद्राचा चंद्र अशा तीन वेळा एकाच वेळी चालू असतात. त्यातली पहिली सगळ्यांची म्हणून सोयीची. गाड्या धावायच्या तर ती हवीच. प्रत्येक स्टेशनानं आपापले बारा धरले असते तर टाइमटेबल छापताच आलं नसतं. पण सोयीसाठी मान्य केलेली गोष्ट आणि आभाळात घडणारी गोष्ट यांत फरक आहे, एवढं शाळेतल्या मुलाला दहा वर्षांच्या वयातच दिसावं. रेखांश, अक्षांश, प्रमाणवेळ हे भूगोलाच्या पुस्तकात पाठ करून विसरण्यापेक्षा शाळेच्या अंगणात एक काठी रोवणं सोपं आहे.

जुन्या ग्रंथांत ती काठी बारा अंगुळांची, तिला शंकू म्हणतात. सपाट जमिनीवर शंकू ओळंब्यानं सरळ उभा करायचा, त्याच्याभोवती एक वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरताना एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते आणि तिच्या काटकोनात उत्तर-दक्षिण. सावली त्या उत्तर-दक्षिण रेषेवर आली की आपल्या गावचे बारा. होकायंत्र लागत नाही, नेटवर्क लागत नाही, खर्च काठीचा.

उमरोळीचा अक्षांश पावणेवीस अंशांचा, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुसरी वेळ जुलैच्या चोवीस-पंचवीसला, पण तेव्हा भातलावणी चालू असते आणि पालघरचं आभाळ ढगांनी भरलेलं असतं. म्हणून पहिली वेळ साधावी: १८-१९ मेच्या सुमारास. शाळेला सुट्टी असली तरी मुलं गावातच असतात. त्यांना अंगणात बोलवा, काठी उभी करा आणि तिची सावली पायाशी नाहीशी होताना दाखवा. पुढचे दोन महिने मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडेल हेही सांगा, त्यांचा विश्वास बसणार नाही. फक्त बाराला पोहोचून ‘सावली आहे की’ म्हणत परत फिरू नका. घड्याळात बारा पस्तीस व्हावे लागतील.