मनाला शांती वाटली, पण ती कोणाची?



"फादर, आम्ही प्रार्थना केली, मनाला शांती वाटली, मग ठरवून टाकले." असे आपण सारेच कधी ना कधी म्हणतो. मुलाने परदेशची नोकरी घ्यावी का, वडिलांचा फ्लॅट विकावा का, म्हाताऱ्या आईने कोणाकडे राहावे? आपण पवित्र साक्रामेंतासमोर अर्धा तास बसतो, मन निवते आणि त्या निवण्यालाच देवाचा होकार समजतो. तो खरोखर देवाचाच असतो का?

पुण्याला ह्या प्रश्नाची जुनी ओळख आहे. १९७३ साली फादर अँथनी डिमेलो ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी येथील डी नोबिली कॉलेजात 'साधना' संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. त्यांचे 'साधना' हे पुस्तक १९७८ साली इंग्रजीत निघाले. शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या, खांद्यावरच्या कपड्याचा स्पर्श जाणवू द्या, अशा साध्या सरावांनी त्याची सुरुवात होते. त्यांच्या लिखाणातील काही विचार कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, असे रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने १९९८ साली जाहीर केले. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही.

आपल्या कामाचे आहे ते त्याच मंडळाचे १९८९ सालचे ध्यानप्रार्थनेविषयीचे पत्र. पूर्वेकडच्या ध्यानपद्धतींना त्यात सरसकट बंदी नाही. मात्र शरीराच्या काही सरावांनी आपोआप शांत वाटते, त्या वाटण्याला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही चूक आहे, असे ते बजावते. हे आपल्याला पटण्यासारखे आहे. श्वास संथ झाला की मन संथ होते. चोर दहा मिनिटे डोळे मिटून बसला तर त्यालाही बरे वाटेल!

संत इग्नेशियस ह्यांना हे स्वतःच्या अनुभवातून कळले होते. तिशी उलटल्यावर ते बार्सिलोनात लॅटिन शिकू लागले. व्याकरण पाठ करायला बसले की त्यांच्या मनात देवाविषयीचे गोड, नवे विचार दाटून येत आणि पाठांतर बाजूला राही. कोणीही म्हणाले असते, केवढी ही कृपा! पण त्यांनी पाहिले की प्रार्थनेच्या वा मिस्साच्या वेळी असे विचार इतक्या जोराने येत नाहीत, अभ्यासाच्याच वेळी येतात. तेव्हा हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. गुरुजींना गाठून त्यांनी सारे सांगितले आणि वचन दिले की खायला भाकरी आणि प्यायला पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही. विचार गोड होता, पवित्रही होता. पण तो त्यांना हातातल्या कर्तव्यापासून दूर नेत होता. विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा, असे ते 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकात सांगतात ते ह्यासाठीच.

आता आपल्या घरी येऊ. भाऊ प्रार्थना करतो आणि त्याला शांती वाटते की आईने ताईकडेच राहावे. त्याची शांती खोटीच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण ताईची नोकरी, तिची कंबरदुखी, तिची दोन खोल्यांची जागा, ह्यांतले काही त्याच्या प्रार्थनेत आले होते का? ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले की आपला खांदा हलका होणारच. कोणी म्हणेल, हा व्यवहार झाला, प्रार्थना नव्हे. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडणार, त्याचे ऐकणे हा प्रार्थनेचाच भाग आहे.

उलटही ध्यानात घ्यावे. गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशूचे मन व्याकूळ होते, अंगातून घाम गळत होता. तरी पित्याची इच्छा तीच होती. म्हणून मन अस्वस्थ आहे एवढ्यावरून देवाचा नकारही ठरत नाही.

मग करावे काय? संत इग्नेशियस एक उपाय सुचवतात: कधी न पाहिलेला माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला आहे, त्याला काय सल्ला द्याल? तो कागदावर लिहा. मग ताईला फोन करा आणि तिचे पुरते ऐकून घ्या. त्यानंतर पुन्हा साक्रामेंतासमोर बसा, घाई नको. आणि आईलाही विचारा. बहुतेक घरांत तिला सर्वांत शेवटी कळते.