आधी झील धर

लाखनी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. बाबू,

तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. एकदा तुझ्या शब्दाखातर, दुसऱ्यांदा तुझ्या मोठ्या आईला दाखवायला आणि तिसऱ्यांदा रात्री एकट्यानं, डोळे मिटून. स्पेनमधल्या सेव्हियाच्या त्या फारुको घराण्याचं फ्लामेंको अस्सल आहे, यात वाद नाही. खाली तू लिहिलंस, ‘मोठे बाबा, आपणही आपल्या घराण्याचं असं मंडळ काढू. आजोबांची ढोलकी आणि गाण्यांचं बाड मला द्या.’ तुझं मन इकडे वळलं, याचा आनंद आहे. पण वस्तू मागितल्यास तशा चार गोष्टीही ऐकून घे.

पहिली गोष्ट. तू नाचणाऱ्याचे पाय पाहिलेस. मी त्याच्या मागं खुर्च्यांवर बसलेली माणसं पाहिली. ती फक्त टाळ्या वाजवत होती. पण त्या टाळ्यांचं आवर्तन बारा मात्रांचं, आणि जोर कुठं? तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. आपला केरवा आठाचा. मी दोनदा बोटांवर मोजायला बसलो आणि दोन्ही वेळा घसरलो. त्या माणसांच्या ओठांवर मोजणी दिसत नव्हती, कारण त्या घरातलं पोर नाचायच्या आधी टाळीच्या घेऱ्यात बसतं. म्हातारे फारुको १९९७ साली वारले, तेव्हा नातू फारुकितो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. एवढ्या कोवळ्या वयात त्यानं घराण्याचा भार कसा पेलला असेल? आई ला फारुका नर्तकी, बाप गायक. घर सोबत होतं म्हणून. आता त्याचा मुलगाही बापाबरोबर रंगमंचावर उभा राहतो.

आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या खडी गंमतीत त्या खुर्च्यांची जागा झीलकऱ्याची आहे. शाहीर डफावर थाप देऊन पुढं गातो, झीलकरी मागं उभा राहून त्याचं पालुपद उचलतो. लोक शाहिराला ओळखतात, झीलकऱ्याला त्याची बायकोच तेवढी ओळखते. तुझ्या आजानं, म्हणजे माझ्या बाबांनी, आठ वर्षं झील धरली, मग डफ हाती घेतला. एका मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, दोन शाहिरांची दुय्यम लागली होती. समोरच्या शाहिरानं सवाल टाकला आणि आमचा शाहीर जवाबाच्या दुसऱ्याच कडव्यात अडकला. बाबांनी पालुपद सोडलं नाही. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा वरच्या पट्टीत घेतलं, आणि तेवढ्यात शाहिराला ओळ सापडली. पब्लिकला वाटलं, रंगत वाढवायला केलं. बाबांनी ही गोष्ट घरी सांगितली ती वीस वर्षांनी, तो शाहीर गेल्यावर. तू म्हणतोस ते घराणं मला त्या तीन पालुपदांत दिसतं. बाडात ते कुठंच लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या मंडळाच्या जाहिरातीची. ‘फ्लामेंकोचं मूळ भारतात’ असं तू मोठ्या अक्षरांत छापणार आहेस. तेवढं छापू नकोस. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरूनच कळतं. त्यांच्यात एक, दोन, तीन म्हणजे येक, दुय, त्रिन. नाकाला नाख आणि कानाला कान. पाण्याला ते पानी म्हणतात, आणि आपल्या झाडीबोलीत ‘ण’ नसल्यामुळं आपली आजीही पानीच म्हणायची. हे वाचून माझ्याही अंगावर काटा आला. पण शब्द सोबत गेले म्हणून नाच आपला होत नाही. तो अंदालुसियाच्या मातीत, तिथल्या हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा, घरांत आणि शेजारपाजारच्या गाण्यांत वाढला. दूरच्या नातेवाइकाच्या शेतातलं धान पाहून खुश व्हावं, सातबारा मागू नये.

त्या घरांनी काय सोसलं, तेही वाच. १७४९ च्या जुलैअखेर स्पेनच्या राजाच्या हुकमानं हजारो हितानो एका झपाट्यात धरले गेले. पुरुष एकीकडे, बायका-लेकरं दुसरीकडे. फ्लामेंकोला युनेस्कोचा मान मिळाला तो २०१० साली. मधली अडीचशे वर्षं त्यांच्या बाजूनं कोण होतं?

यावरून तिसरी गोष्ट, आणि ती जड आहे. तुझ्या कार्यक्रमात लुगडं नेसून नाचणाऱ्याला तू ‘लोकनर्तक’ म्हणणार आहेस. आमच्या काळी त्याला नाच्या म्हणत. रात्री त्याच्यावर नोटा ओवाळणारे दिवसा त्याला पारावर बसू देत नसत. त्याला पोरगी द्यायला कोणी तयार नसे. आपल्या घरातही एक नाच्या होता. तुझ्या बापानं तुला ते सांगितलं नसेल, मी सांगतो. माझा सख्खा काका. बाडात त्याच्या गवळणी आहेत आणि घरातल्या फोटोत तो नाही. मंडळ घराण्याच्या नावानं काढायचं असेल तर गण झाल्यावर पहिलं नाव त्याचं घे, आणि ‘नाच्या’ हाच शब्द वापर. नवा शब्द घातलास तर त्यानं सोसलेलं पुसलं जाईल.

चौथी गोष्ट पैशाची. नारायणगावच्या तमासगीर विठाबाईंचं नाव तू ऐकलंच आहेस. बाप भाऊ, चुलता बापू, दोघांचा फड. पुढं मुलगी मंगला बनसोडे. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळाला, तरी अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. २००२ साली त्या वारल्या; त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडे गावोगावी आनंद झाला. पण हारानं चूल पेटत नाही. म्हणून वही ठेव. ढोलकीवाल्याचे आणि झीलकऱ्याचे पैसे रात्रीच, गाडीत बसायच्या आधी दे. बक्षिसाचे दहा रुपये आले तरी सगळ्यांत वाट.

पुण्यातल्या महोत्सवात तुला वीस मिनिटं मिळतात. ती घे, मला कमीपणा वाटत नाही. घड्याळ लावून नाचणं हीसुद्धा आता एक विद्या झाली आहे. पण वीस मिनिटांत कोणी अडकत नाही आणि कोणाला सावरावं लागत नाही. त्यासाठी आपल्याकडची लांबलचक थंडीची रात्र लागते. बाया पोरांना कुशीत घेऊन बसलेल्या, मागं बैलबंड्या आणि मोटारसायकली, आणि पहाटे तीनला पेंगणाऱ्या पब्लिकला उठवायची जबाबदारी तुझ्या गळ्यावर. वर्षातून एकदा तरी ही परीक्षा दे.

हलक्या धानाची कापणी लागली आहे. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतील. ढोलकी माळ्यावरून उतरवली, पुडी सैल पडली आहे ती बदलून ठेवतो. बाड तुझी मोठी आई उन्हात घालते आहे. दोन्ही तुझ्याच नावानं ठेवतो, पण यंदा हातात देत नाही. यंदा तू मंडईच्या आदल्या दिवशी ये. सदरा घाल, फेटा मी बांधून देईन. आमच्या गंमतीत उजवीकडून दुसरा उभा राहा. माझं वय झालं आहे, जवाबाच्या वेळी मला हल्ली ओळ सापडायला वेळ लागतो.

तुझा,
मोठा बाबा