अभय आणि हमी

ज्याचे शरीर धडधाकट आहे, पण ज्याच्या मनाने त्या शरीराविरुद्ध कायमची फिर्याद दाखल करून ठेविली आहे, अशा माणसाबरोबर संसार करणे रोग्याच्या शुश्रूषेहूनही बिकट आहे, असे म्हटले तर अनुभव नसलेल्यांस ती अतिशयोक्ती वाटेल. रोग्याला औषध देता येते, त्याचे पथ्य सांभाळता येते आणि ताप उतरला की घरदार सुटकेचा श्वास टाकते. येथे मात्र उतरण्यासारखा तापच नसतो. मध्यरात्री पत्नी उठून बसते, जबड्याखाली बोटांनी चाचपत राहते आणि म्हणते, ‘अहो, जरा इथे हात लावून बघा ना, गाठ लागते का?’ पती हात लावतो, ‘काही नाही गं, झोप आता’ म्हणतो, आणि पाच मिनिटांत तीच बोटे त्याच जागी परत जातात. कपाटात तपासण्यांच्या अहवालांची जाडजूड फाईल असते. तिच्यातील जवळजवळ सगळे आकडे बिनतक्रार असले तरी मर्यादेपेक्षा केसभर खाली गेलेला, म्हणून ठळक छापलेला एखादाच आकडा बाकी सर्वांची साक्ष रद्दबातल करून टाकतो. वैरी न चिंती ते मन चिंती, ही म्हण अशा घरात रोज खरी होते.

अशा सहचराला काय द्यावे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसला तरी मुळात धर्माचा आहे. आपल्या परंपरेने अभयदानाला दानांत श्रेष्ठ स्थान दिले, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीची गणनाही अभयापासूनच सुरू होते. मग ‘तुला काही झालेले नाही’ असे दिवसातून दहा वेळा सांगणारा पती अभयदानच करीत नाही काय?

करीत नाही, असे मला वाटते. वेदान्त्यांच्या सुप्रसिद्ध दृष्टान्तात दिवा आणला की दोरीवरचा साप नाहीसा होतो, आणि एकदा दोरी ओळखली की तो परत येत नाही. येथे दिवा आणला जातो, दोरी दिसते, मन प्रसन्नही होते. पण चार दिवसांनी ‘डॉक्टरांनी नीट बघितलेच नसेल तर?’ अशी पाल चुकचुकते, म्हणजे संशय आता दोरी सोडून दिव्यावरच येऊन बसतो. मानसोपचारतज्ज्ञांचे निरीक्षणही याला जुळणारे आहे: दिलासा मिळताच भीती घटकाभर ओसरते, आणि ओसरण्याचे ते सुखच मनाला पुन्हा विचारण्याची सवय लावते. पतीने दिलेली प्रत्येक हमी अशा रीतीने पुढच्या हमीची मागणी घेऊनच जन्मास येते.

बरे, तिची शंका सर्वस्वी खोटी आहे असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? माणसे रोज मरताना पाहूनही उरलेले स्वतःला चिरंजीव समजतात, याला युधिष्ठिराने यक्षापुढे जगातील सर्वांत मोठे आश्चर्य म्हटले. त्या आश्चर्यात ही एकटी सामील नाही. तरीही तिचे जागेपण वैराग्याच्या वाटेला जात नाही, कारण मृत्यू अटळ आहे हे तिला पटलेले असूनही आजच्यापुरती त्यातून लेखी माफी मिळावी, हा तिचा आग्रह सुटत नाही. पतंजलींनी जगण्याच्या या चिवट आसक्तीला अभिनिवेश म्हटले, तिची गणना पाच क्लेशांत केली आणि विद्वानांचीही तिच्यातून सुटका नसते असे बजावले. तेव्हा पतीनेही स्वतःला फार शहाणा समजू नये. फ्रेंच नाटककार मोलियेरच्या शेवटच्या नाटकाचा नायक आर्गां हा असाच मनाचा रोगी. पण त्याची भूमिका करणारा मोलियेर खरोखरच आजारी होता, आणि 17 फेब्रुवारी 1673 रोजी चौथ्या प्रयोगात रंगभूमीवरच झटका येऊन त्याच रात्री मरण पावला. काल्पनिक आणि वास्तविक व्याधी एकाच देहात बिऱ्हाड करू शकतात. म्हणून कोणती तक्रार तपासण्याजोगी आहे याचा फैसला डॉक्टरांवर सोपवावा आणि तो ठरलेल्या मुदतीने घ्यावा. पतीने मध्यरात्री न्यायासनावर बसू नये.

त्याच नाटकात आर्गांची दुसरी बायको बेलीन नवऱ्याच्या भीतीला उशा पुरवीत राहते, कारण तिचे लक्ष मृत्युपत्राकडे आहे. आपण मृत्युपत्रासाठी नव्हे, पण पुष्कळदा झोपेसाठी आणि शांततेसाठी तेच करतो. याच्या अगदी उलट गृहिणी अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथात भेटते. भग्ग देशात नकुलपिता नावाचा गृहस्थ अत्यवस्थ असता त्याची पत्नी नकुलमाता त्याला ‘तुम्ही बरे व्हाल’ असे एकदाही म्हणत नाही. चिंता घेऊन मरू नका, असे सांगून ती त्याच्या मनातील एकेक घोर उघडा करते: मुलांचे कसे होईल? मला सूत कातता येते, मी त्यांना पोसीन. मी दुसरे घर करीन? करणार नाही. माझे शील आणि धर्मावरील निष्ठा ढळेल? ढळणार नाही. तो बरा झाला, आणि काठी टेकीत बुद्धांकडे गेला तेव्हा त्यांनी अशी पत्नी लाभल्याबद्दल त्याला भाग्यवान म्हटले.

आपल्या घरांत ‘मला काही झाले तर?’ असे कुणी म्हणताच ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून त्याचे तोंड बंद करण्याची रीत आहे. त्यामागे माया असते हे खरे. पण भिणारा माणूस त्या क्षणी आपल्या भीतीसह एकटा पडतो. नकुलमातेने अभद्र शब्द घरात घेतला, त्याला बसायला पाट दिला आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. तिचा पती त्या दुखण्यातून उठला नसता, तरी तिच्या बोलण्यातील एक अक्षरही खोटे ठरले नसते. ‘तुला काही होणार नाही’ या वाक्याला मात्र अहवालाचा एक प्रतिकूल आकडा पुरतो. हमी भविष्याच्या कृपेवर जगते, आणि अभय भविष्य कृपा न करील तेव्हासाठीच असते. म्हणून मध्यरात्री ‘गाठ लागते का?’ असे विचारले गेले, तर पतीने बोटांनी उत्तर देण्याऐवजी दिवा लावून बसावे आणि विचारावे, ‘समज, असलीच, तर तुला कशाची काळजी वाटते?’ हे संभाषण लांबेल, झोपही जाईल, आणि त्यात त्याचे स्वतःचे भयही बाहेर पडल्यावाचून राहणार नाही. परंतु ज्याने ते कधी तपासले नाही, त्याला दुसऱ्याला अभय देण्याचा अधिकार तरी कोठून यावा?