आसरा कोणाला?

पाण्यात वास करून माणसास गिळणाऱ्या गूढ जीवाची कथा वैजापूरसारख्या अवर्षणग्रस्त मुलखात शोधावयास जाणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. आणि पाणी जेथे दुर्मिळ, तेथे ते जितके पूज्य तितकेच भीतिप्रद असते. महाराष्ट्रभर नदीकाठच्या गावांत साती आसरांचा जो धाक मानतात, तो याही मुलखास परका नाही.

'आसरा' हे 'अप्सरा' या शब्दाचे लोकरूप होय. त्या सात बहिणी. डोह व विहीर हे त्यांचे स्थान, आणि काठचे शेंदूर लावलेले सात दगड हेच त्यांचे रूप. पाण्यात उतरलेल्याचा पाय धरून त्या त्यास खाली ओढतात, अशी समजूत आहे. पाय कोण धरते, हे सांगण्यास मोठे पांडित्य नको. काठ निसरडा असतो, पाणवनस्पती पायांत गुरफटतात, वाळूच्या उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत.

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या कथांत 'बनयिप' नावाचा असाच एक दलदलवासी प्राणी आहे. १८४६ साली मरम्बिजी नदीच्या काठी एक विचित्र कवटी सापडली. ती त्याचीच असे समजून १८४७ साली सिडनीच्या संग्रहालयात मांडण्यात आली व लोकांची झुंबड उडाली. जाणत्यांनी परीक्षा केली, तो ती विकृत वाढीच्या शिंगराची किंवा वासराची ठरली! आसरांची कवटी कोणास मिळावयाची नाही. आणि त्यांच्या अस्तित्वाविषयी आमचे मत वर आलेच आहे. खरा प्रश्न नीतीचा आहे: अशी श्रद्धा मोडावी, की राहू द्यावी?

तिच्या बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. पाण्याची खोली सांगून मुलास जो धाक बसत नाही, तो 'आसरा ओढतील' एवढ्याने बसतो. काठावर ओटी भरणारी स्त्री कोणाचे काही हिरावून घेत नाही. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यानेही अशा पूजेस हात लावलेला नाही. येथवर आम्ही श्रद्धेच्या बाजूचे आहो.

परंतु एखादी सासुरवाशीण विहिरीत सापडते आणि काठावरची मंडळी म्हणतात, 'आसरांनी नेली.' या दोन शब्दांनी सारी चौकशी मिटते. आदल्या रात्री घरात काय झाले, माहेरी निरोप केव्हा गेला, भल्या पहाटे ती पाण्यावर एकटी का गेली, हे कोणी विचारीत नाही. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली, किंवा तिच्या मृत्यूविषयी रास्त संशय असला, तर शवचिकित्सा व दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी, असे कायदा सांगतो. १९८३ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. परंतु कायदा स्वतः डोळ्यांनी पाहत नाही. साक्ष द्यावयास शेजारीच लागतो.

हे वाचून सुशिक्षितांनी खेड्यास हसू नये. आमच्या घरांत आसरांचे नाव निघत नाही. तेथे 'पाय घसरला' असे म्हणतात. आम्हीच वर सांगितलेला निसरडा काठ तेथे साक्षीस येतो. पहिले उत्तर श्रद्धेचे, दुसरे विज्ञानाचे. पण विचारण्यापूर्वीच दिलेले उत्तर कोणत्याही वेषात आले तरी काम एकच करते. म्हणून श्रद्धा मोडावी की राखावी, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. ती कोणाच्या उपयोगी पडते, हे पाहावे.

मराठीत 'आसरा' म्हणजे आश्रयही. मुलास खोल पाण्यापासून राखणाऱ्या कथेने त्याला आसरा दिला, असे खुशाल म्हणावे. ज्या कथेआड अपराधी निर्धास्त बसतो, तिने आसरा कोणाला दिला? सात दगडांस शेंदूर लावावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र पाण्याकडे बोट दाखविण्यापूर्वी गेलेल्या जीवासाठी तिच्या घराचे दार एकदा ठोठवावे, एवढे ऋण काठावरील प्रत्येकाच्या माथी आहे.